जबड्यात तुटलेले नमुने

३ फेब्रुवारी, मंगळवार

घाईघाईने लिहितेय, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय उमटावेत तसं येतंय. येऊ दे. मला डायरीची सवय नाही, पण आज कुठेतरी लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या संचालिकेने, सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि पाळण्यातून पहिल्यांदा वर जाणाऱ्या माणसाचं नाव जाहीर केलं. आमचे भाऊजी! माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. शाळेत असल्यापासून माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला आणि अजून स्वतःच्या मोज्यांची जोडी न सापडणारा हा माणूस अवकाशाच्या लिफ्टचा पहिला उतारू. मला आधी एका शब्दाने कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या हवामानवाल्या बाईंनी अभिनंदन करायला हात पुढे केला, तर मी त्यांच्या हातात माझा चहाचा कप ठेवला.

डोकं ताळ्यावर यावं म्हणून, पाहुण्यांना समजावते तसं सगळं एकदा स्वतःलाच समजावून बघते. आम्हाला जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर वर आणि त्याच्याही पलीकडे जाणारी एक फीत ताणून बसवायची आहे. मग रॉकेट लागणार नाही, फितीला चाकांनी घट्ट धरून पाळणा वर चढत जाईल. अडचण अशी की एवढ्या लांब फितीला आधी स्वतःचंच वजन पेलत नाही. पोलादाची केली तर आपल्याच भाराने तुटेल. म्हणून आम्ही केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या तंतूंची फीत विणतो. वारा, वीज, वर भिरभिरणारा कचरा या कटकटी इतरांच्या. फीत किती ताण सोसते ते सांगणं माझ्या खात्याकडे.

खरी फीत अजून खूप लांब आहे. सध्या आमची चाचणीची फीत वीस किलोमीटर उंच तरंगणाऱ्या एका अगडबंब फुग्याला टांगलेली आहे आणि खाली समुद्रातल्या फलाटाला बांधलेली आहे. खऱ्या फितीवर जसा ताण येईल तसाच हिच्यावर यावा म्हणून ती मुद्दाम अरुंद ठेवली आहे. महिनाअखेरीला भाऊजी तिच्यावरून वर जाणार.

संध्याकाळी ते घरी आले, उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, फीत पक्की ना गं?"

मी म्हटलं, "तुमच्यासारखे दोन लटकले तरी हसत पेलेल. आकडा माझा आहे."

सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली नाही एवढंच, बाकी कौतुकाला काही सुमार नव्हता. फक्त नवरा गप्प. भावाच्या पाठीवर थाप मारली आणि चेहरा धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. पोटात दुखत असणार. पाळण्याची चाकं याच्या खात्याने घडवली, दहा वर्षं घासला, आणि पेपरात फोटो येणार धाकट्याचा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर ताणयंत्रापाशी. नव्या रिळाचे नमुने आले होते. फितीचा हातभर तुकडा कापायचा, दोन्ही टोकं यंत्राच्या जबड्यांत आवळायची आणि तुटेपर्यंत ओढायचं. मला हे काम मनापासून आवडतं. माणसांसारखं नाही, फीत जे काय असेल ते तोंडावर सांगते.

आज निम्मे नमुने जबड्यापाशीच तुटले. ते सोडून दिले. आमच्या धंद्यात सगळीकडे हाच रिवाज आहे. तुकडा मधोमध तुटला तर ती फितीची खरी ताकद, तो आकडा धरायचा. जबड्याच्या चिमट्यात तुटला तर तो पकडीचा दोष, फितीचा नव्हे. तो बाद. मला शिकवणाऱ्यांनी असंच शिकवलं, मी माझ्या हाताखालच्यांना असंच शिकवते. धरलेल्या नमुन्यांचा आकडा लागणाऱ्या ताकदीच्या दुपटीहून वर निघाला. छान.

घरी नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या पुन्हा काळ्या. कोपरापर्यंत. साबणाची अख्खी वडी झिजवली तरी काळं जात नाही, नुसतं पसरतं. म्हटलं, तुमच्या खात्यात काय कोळसा भाजता का? तर त्याने दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवलं. आमच्याकडे सासूबाईंचा नियम आहे: चपला आणि ऑफिस दाराबाहेर. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं जेवताना कामावरून इतके भांडलो, की मी ताट आपटलं आणि त्याची कड वाकली. तेव्हापासून हा नियम, आणि त्याच्यामुळेच हा संसार टिकला असं मी सगळ्यांना सांगते.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजी एकदम शहाण्यासारखे वागायला लागले आहेत. मला धक्काच बसला. आपली सायकल फाटकावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकली, खोली झाडून लख्ख केली, किल्ली माझ्याकडे आणून ठेवली. पंधरा वर्षं मी ज्या गोष्टींसाठी घसा कोरडा केला त्या सगळ्या एका आठवड्यात. जबाबदारी अंगावर पडली की माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही. जेवण मात्र चिमणीएवढं. वजन राखताहेत बहुतेक.

जेवताना पुन्हा तेच, "वहिनी, फीत पक्की ना गं?" आता हा आमचा ठरलेला विनोद झालाय. मी म्हटलं, "पुन्हा विचारलंत तर त्याच फितीने बांधून ठेवीन."

सगळे हसले आणि त्या हसण्यातच नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "तू नाही म्हणू शकतोस. कोणी तुला जबरदस्ती केलेली नाही."

सासूबाई भडकल्या, "भरल्या ताटावर अपशकुनी का बोलतोस? तुझा सख्खा भाऊ आहे!" भाऊजी मात्र सगळ्यांत मोठ्याने हसले. इतके, की त्यांना ठसका लागला.

मला नवऱ्याची इतकी लाज वाटली! मत्सर असावा, पण माणसाने तो झाकावा तरी.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज कपडे धुतले. त्या बाह्यांनी माझ्या नाकी नऊ आणले आहेत. वंगण नाही, शाई नाही, काजळी नाही. उन्हात धरलं तर बारीक चमकतं. नवरा म्हणाला, "टाकून दे तो शर्ट." चांगला नवाकोरा शर्ट! मी काय टाकते? उद्या बाही सरळ कामावर नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घालते. डाग कशाचा ते कळलं की साबण कुठला घ्यायचा तेही कळेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

देवा.

जेवणाच्या सुट्टीत बाही भिंगाखाली ठेवली. तीनदा ठेवली. आधी वाटलं काच पुसलेली नाही, माझ्याच नमुन्यांचा कचरा चिकटलाय. काच बदलली. मग दुसरी बाही ठेवली.

ती फीत आहे. नवऱ्याच्या बाह्यांवर आमच्या फितीचा भुगा आहे. तुटलेले तंतू, टोकं चपटी झालेली, चेचलेली. आणि अशी टोकं मी रोज बघते. जबड्यात तुटलेल्या, बाद केलेल्या नमुन्यांची टोकं तंतोतंत अशीच दिसतात.

स्टूल ओढून बसले. चाकं फीत खाताहेत. आणि तो भुगा गेले कित्येक आठवडे माझ्या न्हाणीघरात, माझ्या हाताखालून वाहून जातोय. मी साबण बदलत बसले. काखेत कळसा म्हणतात तो हा.

घरी आले. नवरा समोर बसून जेवला. मी तोंड उघडलं, सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी "भात वाढू का" म्हणाले. माझी मलाच शिसारी आली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज रस्ता ओलांडून चाकांच्या खात्यात गेले. समोरासमोर इमारती, आणि इतक्या वर्षांत मी तिथे पायरी चढले नव्हते. नवरा फलाटावर गेलेला होता. त्याची मदतनीस, एक उंच, शिट्टी वाजवत काम करणारी बाई, तिने मला चाकं दाखवली. दोन्ही बाजूंनी चाकांच्या जोड्या, मध्ये फीत. फीत इतकी गुळगुळीत की हलकं धरलं तर पाळणा घसरतो, म्हणून चाकं करकचून आवळावी लागतात. ब्रेक लावताना तर आणखीच.

मी विचारलं, "चाकांची चाचणी कशावर घेता?"

"फितीवरच. हे काय." तिने टेबलावरची फीत दाखवली. सैल, शिंप्याच्या टेपसारखी पडलेली.

"ताणलेल्या फितीवर नाही?"

"ताणलेली फीत आमच्याकडे कुठली? ताणयंत्र तुमच्याकडे."

"आणि पूड पडते ती?"

"पडते थोडी. साहेब रोज गोळा करून बघतात. पण तुमचा आकडा दुपटीच्या वर आहे ना, मग थोडी झिजली तर काय होतंय?" ती हसली. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. "बाई, तुम्ही ताणता तेव्हा तिच्यावर चाक असतं ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

परत येताना रस्त्याच्या मधोमध थांबले, मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. चाक म्हणजे तरी काय? जबडाच. पाळणा जिथे जिथे उभा राहील तिथे फीत जबड्यात असणार, तळापासून टोकापर्यंत, प्रत्येक क्षणी. मी ज्या नमुन्यांचे आकडे धरले ते अशा फितीचे होते जिला कोणी हात लावलेला नाही, आणि वर जाणाऱ्या माणसाच्या कामाचे आकडे होते ते मी केरात टाकत होते. रोज. शिस्तीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चाकाची एक जोडी मागवून घेतली आणि ताणयंत्रावर, फितीच्या मधोमध आवळून बसवली. ब्रेक लावल्यावर जितकी आवळतात तितकी. नवरा आला होता. भिंतीपाशी हाताची घडी घालून उभा. माझ्या खात्यात तोही पहिल्यांदाच.

यंत्र चालू केलं. माझ्या आकड्याच्या निम्मासुद्धा ताण आला नव्हता आणि फीत चाकाशी तुटली. मी म्हटलं, एखादा नमुना खराब असेल. दुसरा लावला. तिसरा. मग मोजायचं सोडलं. एकही टिकला नाही. फुग्याखाली फितीवर असेल त्याहून कमी ताणात प्रत्येक तुकडा चाकाशीच तुटत होता. पूड हवेत तरंगत होती आणि सगळ्यांच्या बाह्या काळ्या.

संध्याकाळी घरात शिरलोच नाही. दोघंही जिन्याच्या पायरीवर बसलो. चपला पायात होत्या, म्हणजे सासूबाईंचा नियम मोडला नाही. हे मनात येऊन मला हसू आलं.

मी विचारलं, "कधीपासून बघत होतास पूड?"

"दीड-दोन महिने झाले गं. दर वेळी थोडी जास्त."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"काय विचारू? तुझा आकडा चुकला का म्हणून? तुला?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू म्हणालीस दुपटीच्या वर, म्हणजे आहेच. मग वाटलं मीच घाबरट. मोठा भाऊ म्हणून उगाच माझा जीव खालीवर होतोय. त्या दिवशी जेवताना बोललो तर तूच असं बघितलंस, जणू मी त्याच्या ताटात थुंकलो."

मी बघितलं होतं. अगदी तसंच बघितलं होतं.

"तू मला का नाही विचारलंस?" तो म्हणाला, "चाक फितीला किती आवळतं म्हणून?"

"चाक तुझं होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, तू केलंय म्हणजे नीटच असेल."

वरच्या मजल्यावरची बाई कचऱ्याचा डबा घेऊन खाली आली, आम्हाला बघून अवघडली, "काही झालंय का हो?" म्हणाली. काही नाही म्हटलं. ती गेल्यावर नवरा माझा हात हातात घेऊन रडला. त्याला मी त्याच्या वडिलांच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याला मत्सरी ठरवून मोकळी झाले होते. शरम, शरम.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंपुढे दोघं जोडीने उभे राहिलो. त्यांनी माझे तुटलेले तुकडे एकेक करून पाहिले.

"जबड्यात तुटलेले नमुने धरायचे नाहीत, हे जगभर मान्य आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"हो. पण जगात इतर कोणी त्या नमुन्यावरून माणूस वर चढवत नाही."

"रिकामा पाळणा तीनदा वर जाऊन आला."

नवरा म्हणाला, "रिकामा होता, म्हणून चाकं कमी आवळली होती. आणि वाटेत ब्रेक लावला नव्हता."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. तिथून फीत दिसत नाही, नुसता समुद्र दिसतो. मग म्हणाल्या की एवढ्यावर सगळं बंद करणार नाही, पण माणूसही बसवणार नाही. भाऊजींच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवायच्या, चाकं पूर्ण आवळायची, वाटेत ब्रेक लावून थांबायचं. पाळणा भाऊजींनीच चालवायचा, पण फलाटावरून. मी इतकी ढिली पडले, की त्यांचे आभार मानायचे राहिले.

संध्याकाळी भाऊजी तरातरा आले. "माझं नाव तुम्ही खोडलंत?"

आजवर मला 'वहिनी, तू' म्हणणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला. मी समजावायला गेले तर हात उडवून म्हणाले, "मला पक्की म्हणाला होतात. दर वेळी विचारलं, दर वेळी पक्की म्हणालात! गावभर सांगितलं मी. आता कुठल्या तोंडाने हिंडू? गोण्या जाणार माझ्या जागी, गोण्या!"

"भाऊजी, ती तुटते हो."

"मग आधी का नाही तुटली?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची माझी छाती झाली नाही. ते पाय आपटत सासूबाईंच्या खोलीत गेले. जीव तुटला माझा. मुलासारखा वाढवला, आणि आता तोंड बघणार नाही म्हणतोय.

एक गोष्ट मात्र कळत नाही. इतकं भांडून गेलेला माणूस आईसमोर बसून दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि तिथेच सतरंजीवर पडून ढाराढूर झोपला. सासूबाई म्हणतात, महिन्याभरात पोरगं असं झोपलं नव्हतं. संताप असा असतो का? असेल. आमच्या घरातल्या पुरुषांचं मला काही कळत नाही, हे या महिन्यात चांगलंच सिद्ध झालंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं त्याच क्रमाने लिहिते. नाहीतर लिहायला जमणार नाही.

सकाळी स्वच्छ ऊन, वारा नव्हता. फलाटावर आम्ही मोजकेच होतो. भाऊजी काचेच्या खोलीत, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून. माझ्याशी बोलले नाहीत. पाळण्यात त्यांच्या खुर्चीला पट्टे लावून गोण्या बांधल्या होत्या आणि कोणीतरी गंमत म्हणून वरच्या गोणीला भाऊजींची टोपी घातली होती. नवऱ्याने ती बघितली आणि न बोलता काढायला निघाला, पण तोवर भोंगा वाजला.

पाळणा सुरेख चढला. इतका सुरेख, की मला माझीच शंका यायला लागली. ताणाची रेघ पडद्यावर सरळ. दिसेनासा झाला तरी आकडे येत होते, सगळे जिथल्या तिथे. चार किलोमीटरवर थांबा होता. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघितलंत?" आणि मी, खोटं कशाला सांगू, मनात म्हटलं, हो, मी वेडी ठरले, बरं झालं, देवा बरं झालं.

भाऊजींनी दांडा ओढला.

रेघ खाली गेली. हळूहळू नव्हे, होती आणि नव्हती. आवाज काहीच आला नाही, हेच सगळ्यांत भयंकर. मी पडद्यावर टिचकी मारली, वाटलं तार निसटली. मग कोणीतरी बाहेर ओरडलं. चाकांच्या वरच्या बाजूने फीत तुटली होती. वरचा तुकडा घेऊन फुगा सुटला आणि पाळणा खाली यायला लागला.

पाळण्याची हवाई छत्री उघडली. आम्ही सगळ्यांनी पाहिली, पांढरी, नीट उघडली, आणि बाईंनी माझा दंड धरला. पण खालची फीत, जी क्षणापूर्वी तारेसारखी ताठ होती, ती सैल होऊन वर उसळली आणि छत्रीला वेटोळं घालून बसली. छत्रीची नुसती चिंधी राहिली. पाळणा आमच्यासमोर समुद्रात पडला, फलाटापासून हाकेच्या अंतरावर. पाणी माझ्या चष्म्यावर आलं. मग पिवळसर वाळू पाण्यावर पसरत गेली, आणि थोड्या वेळाने टोपी वर आली.

माझं म्हणणं खरं ठरलं. याचं मला कधी काळी समाधान वाटलं, तर माझ्या तोंडात माती पडो.

भाऊजी दांडा ओढलेल्या अवस्थेतच बसले होते. डोळे पाण्यावर. मी हाक मारली, खांदा हलवला. त्यांची बोटं दांड्यावरून मला एकेक करून सोडवावी लागली. गार पडली होती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कालचं उरलेलं आज लिहितेय. काल पेन हातात धरवेना.

आम्हा तिघांना बाईंनी गाडीने घरी सोडलं. भाऊजी दोघांच्या मध्ये बसले होते आणि नवऱ्याने लहान मुलाचं धरावं तसं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. चपला दाराबाहेर काढल्या. सासूबाईंना फलाटावरचं काही माहीत नव्हतं. घरून जाताना नवऱ्याने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की काही कारणाने माणसाचं जाणं पुढे ढकललं, आज नुसत्या गोण्या जाणार. आता तो म्हणाला, "चाचणी नीट झाली नाही, आई." पुढे त्याला बोलवेना.

भाऊजी सरळ न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. मोठा माणूस रडतो तेव्हा कसा आवाज येतो ते मला आता माहीत झालंय, आणि तो थांबतच नव्हता. नवरा दाराला कपाळ टेकून उभा. मी मोरीपाशी हात धूत राहिले, धूत राहिले. "वहिनी, फीत पक्की ना गं" हे एकच वाक्य डोक्यात. तो विनोद नव्हता. पोरगं मला खरंच विचारत होतं. महिनाभर, दर वेळी खरंच विचारत होतं.

सासूबाई गुडघे धरत उठल्या आणि दारापाशी आल्या. नवऱ्याला बाजूला सारलं, दारावर हलकेच थापा मारल्या.

"अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? आज तुझ्या जागी गोण्या गेल्या तर गेल्या. जन्मभर काय गोण्याच जाणारेत? बाईंना मी स्वतः जाऊन सांगेन. पुढच्या वेळी तुलाच बसवतील, बघ. तुझी वहिनी आहे ना तिथे, ती बघेल सगळं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी हो म्हणावं म्हणून. मी पुन्हा साबण उचलला. नवऱ्याने भिंत धरली.

आतला नळ बंद झाला. मग आतून भाऊजींचा आवाज आला, शाळेत असताना यायचा तसा, बारीक.

"हो, आई."